सशाची रिकामी खुर्ची

मुलांच्या मासिकासाठी ती प्राण्यांचा बँड काढायची. ढोलवालं अस्वल, गाणारा बोकड, बासरीवाला ससा. चेहऱ्यावरचे भाव तिला लेकीकडून मिळत. पोरगी समोर बसून गाल फुगवायची, तेव्हा कुठे कागदावरचा ससा फुंकर घालायचा.

एका सकाळी वाळत ठेवलेल्या चित्रात बोकड नव्हता. अस्वलाच्या गळ्यात मात्र नवा ढोल होता, आणि ढोलाच्या कातड्यावर बोकडाचेच तपकिरी ठिपके होते.

पुढच्या महिन्यात ससा गेला. या खेपेचा ढोल लहानसा होता, पांढराशुभ्र, मऊ.

तिने घाबरत संपादकबाईंना फोन केला. बाई हसल्या. "अहो, मुलं वेडी झालीत त्या ढोलापायी. आता कुणीतरी नवीन आणा की बँडमध्ये."

"मी आणलंय," मागून लेक म्हणाली. "सशाच्या खुर्चीवर मीच मला काढलंय, तुझ्या रंगांनी. छान आलंय ना गं?"

खुर्चीवर पिवळ्या झग्यातली, दोन वेण्यांची पोरगी हसत बसली होती. अस्वलाने काठ्या खाली ठेवल्या होत्या. ते तिच्या मागे वाकलं होतं, आणि त्याच्या पंजात खडू होता.

आईने अस्वल झाकून टाकायला पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला.

"आई, थांब ना," लेक खांदे आक्रसून खुदुखुदु हसू लागली. "मला गुदगुल्या होतायत. पाठीवर कुणीतरी गोल काढतंय."