डब्यूकचे चार दिवस

जेवणाच्या टेबलावरच्या प्लेट्स उचलायच्या आतच आर्लीनने नकाशा पसरला. "ऑगस्टमध्ये आपण तिघं डब्यूकला जायचं. चांगले चार दिवस. हॉटेलही ठरवून टाकलंय मी."

"डब्यूक?" टॉडला हसूच आलं. "आई, तिथे सुट्टीला कोण जातं? शिकागोला जाऊ या ना!"

"का? मिसिसिपी नदी आहे, बोटी आहेत, टेकडीवर चढणारी छोटीशी रेल्वे आहे."

"ते सगळं अर्ध्या दिवसात बघून होईल," असं पुटपुटत तो वर निघून गेला.

त्याच्या खोलीचं दार लागेपर्यंत मर्ल थांबला. मग बायकोला हळूच म्हणाला, "आपली करीन तिथे राहते म्हणून ना?"

आर्लीन नकाशावरून हात फिरवत राहिली.

"चार वर्षांपूर्वी पोरीने तोंडावर सांगितलंय, पुन्हा माझ्या दारात येऊ नका. तेच परत ऐकायचंय तुला?"

"दारात कशी जाणार? तिचा नवा पत्ता कुठे आहे माझ्याकडे? तुझ्या बहिणीला ती तिथल्या शनिवारच्या बाजारात दिसली होती, तेवढंच माहितीये. आपण नुसतं हिंडू, मर्ल. एवढंसं तर गाव आहे. लांबून दिसली तरी पुरे."

मर्लने नकाशा आपल्याकडे ओढला.

"बाजारात नको जायला, ती आता तिथे येत नाही," तो म्हणाला. "मासे पकडायला जातो सांगून तिथे मी तीन शनिवार उभा राहून आलोय."