रेघेपुढची जागा

‘धुकेदेश’ या संगणकावरच्या खेळमालिकेचा चौथा भाग जाहीर करताना निर्मात्यांनी अधिकृतपणे कळवले होते की, नव्या, विस्तीर्ण आणि मोकळ्या जगात खेळाडू कोणतीही नदी पोहून पार करू शकेल. सबब म्हाताऱ्या नावाड्याचे पात्र ‘कथेच्या ओघात अनावश्यक’ ठरले आहे.

कलिना होदोर हिच्या मते एवढ्याशा घोषणेत असत्यांची दाटी झाली होती. ती तोरुन शहरातल्या विद्यापीठात मध्ययुगीन हस्तलिखिते शिकवत असे, आणि बनावट दानपत्रे उघडी पाडण्यात तिची निम्मी हयात गेली होती. पहिल्या भागापासून त्या नदीचा नियमच असा, की जो पाण्यात उतरतो त्याचा लव्हाळा होतो. तिसऱ्या भागाचा अख्खा शेवट त्या नियमावर उभा होता. शिवाय घोषणेसोबतच्या नकाशात नदीकाठी धक्के होते, आणि त्यांतल्या एकाला होडी बांधलेली होती, वल्ह्यांसकट. नावाडी अनावश्यक, तर वल्ही कुणासाठी?

हा प्रतिवाद तिने जाहीर केला नव्हता, कारण बाबा नको म्हणाले होते. नावाड्याचा आवाज बाबांचा होता. सेवेरिन होदोर, बाहुल्यांच्या थिएटरातून निवृत्त झालेले नट, तिन्ही भागांत त्याच्या तोंडून बोलले होते. “पाणी कुणाची वाट बघत नाही, मी बघतो,” हे वाक्य पोरे बसथांब्यावर एकमेकांना ऐकवत. चौथ्या भागाची कुणकुण लागल्यापासून बाबा रोज सकाळी आवाजासाठी मध-पाणी घेत आणि फोन अंगावेगळा करत नसत. घोषणेनंतरही त्यांनी ते थांबवले नव्हते. कलिनाचा संताप नदीपेक्षा त्या मधापायी होता.

सर्वसंतांच्या दिवशी इथे सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतात; त्या दिवशी, दुपार कलताना, बाबा घडीच्या स्टुलावर बसून आईच्या कबरीचा दगड ब्रशने घासत होते. तिचे नाव स्वच्छ झाले, तसे ते स्वतःच्या नावाकडे वळले. आई गेली तेव्हा पाथरवटाकडून दोन्ही नावे एकदमच कोरून घेतली होती, इथली पुष्कळ जोडपी घेतात तशी. बाबांच्या नावाखाली जन्मवर्ष होते, मग एक आडवी रेघ, आणि पुढे कोरी जागा.

“दिवा तिथं ठेव. रेघेच्या पुढं.”

“दरवर्षी तिथंच का, बाबा?”

“तेवढी जागा डोळ्यांत खुपते. कुणीतरी ‘आटपा आता’ म्हणत असल्यासारखी.”

मागे पाचोळा वाजला आणि थांबला. हातात लाल काचेचा दिवा आणि शेवंतीची कुंडी घेतलेला, पन्नाशीचा एक माणूस उभा होता. घोषणेच्या चित्रफितीत कलिनाने त्याला पाहिले होते: तिमोन झारेंबा, खेळाचा मुख्य लेखक, अनावश्यकतेचा शोध लावणारा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाबांनी मान वळवली. “अरे, तिमोन. दिवा हिच्यासाठी आणला असशील तर ठेव. माझ्यासाठी असेल तर जरा घाई होतेय.”

तिमोन शेजारच्या कठड्यावर बसलाच. “काका, गेल्या वर्षी आजीच्या कबरीला आलो होतो. जाताना इथं तुमचं नाव वाचलं.”

“मग बरोबरच वाचलंस. हा ब्रश धर, गुडघ्यांनी जीव घेतलाय.”

तिमोनने ब्रश धरला. त्याला घासायला लागेपर्यंतची सवड कलिनाने दिली. “पाण्यात उतरणाऱ्याचा लव्हाळा होतो. मग पोहणार कोण?”

“कुणीच नाही, बाई. पोहणं घोषणेपुरतं. खेळात पूल बांधलेत. भिकार आहेत.”

“आणि होडी?”

“ती माझ्याच्यानं काढवेना.” तो दगडाशीच बोलत होता. “दुसरे नट ऐकले. चांगले होते. ‘पाणी वाट बघत नाही’ म्हणाले की पटायचं. ‘मी बघतो’ म्हणाले की खोटं वाटायचं. म्हणून मग नावाडीच काढला.”

बाबांनी घसा खाकरला आणि कुणाकडेही न बघता ते वाक्य म्हटले. पलीकडच्या ओळीत मेणबत्ती लावणारी एक मुलगी काडी विझेपर्यंत तशीच उभी राहिली.

“ध्वनिमुद्रण फेब्रुवारीपर्यंत चालेल,” तिमोन म्हणाला. “पूल पाडायला आठवडा पुरे.”

“पाड. मंगळवारी येतो. मध तू आणायचा.”

बाबांनी कोटाच्या खिशातून फोन काढला, बंद केला आणि कलिनाच्या पिशवीत टाकला. तिने पिशवीची चेन लावली. राग होता अजून, पण कुठे ठेवावा ते तिला कळेना. ती आईच्या नावाशेजारी टेकली आणि बऱ्याच दिवसांनी तिने पूर्ण श्वास घेतला.

एक प्रश्न मात्र विद्येच्या शिस्तीचा होता, आणि तो तिने विचारलाच. “नाव वाचलंत आणि माणूस गेला असं ठरवलंत. मृत्यूचं वर्ष पाहिलं नाहीत?”

तिमोनने रेघेपुढच्या दिव्याकडे पाहिले. त्याचे उत्तर शब्दशः असे होते:

“दिवा आड होता. हलवला असता तर वर्ष दिसलं असतं, किंवा दिसलं नसतं. दिसलं नसतं, तर काकांना फोन करावा लागला असता. आणि सात वर्षं ज्यांची साधी चौकशी केली नाही, त्यांना काय तोंडानं फोन करायचा, ते मला सुचत नव्हतं. म्हणून मी दिवा हलवला नाही.”