लाल सुताची न्हाणी

"कागदावर आंघोळ करू काय मी?" पार्वताबाईनं नीलेश गवंड्याचा नकाशा न उघडताच त्याला परत केला. "न्हाणी जमिनीवर होणार, तं जमिनीवरच मांडून पाहू."

मोहाडीतल्या त्या कौलारू घराची जुनी न्हाणी मागच्या अंगणात होती. चार दगडी फाड्या, वर पत्रा आणि बारमाही शेवाळ. गेल्या महिन्यात पार्वताबाई तिथं घसरून पडली. मुलगा अनुप वरठीहून ड्यूटी करून आला, आईचा सुजलेला घोटा पाहिला आणि एकच बोलला, "आता पुन्हा पडली तं माग मोडीत काढतो. खाटेवर बसून राहाचं."

हातमाग मोडीत म्हणजे पार्वताबाईच मोडीत. तुटलेला धागा जोडावा तर तिनंच, असं सगळी आळी म्हणायची. ती मानसुद्धा खाली करत नसे. गप्पा मारता मारता तिची बोटं गाठ मारून मोकळी व्हायची. तेव्हा पुन्हा पडणं तिला परवडणारं नव्हतं. मागाच्या खोलीला लागून धान्याची कोठी होती. तिथंच संडास-न्हाणी करायची, असं तिनं ठरवलं आणि मुलाला नुसतं कळवलं.

"लाल कांड्या घेतो. लाल सूत नजरेत भरते," म्हणत तिनं टोपलीत हात घातला. खिळे नीलेशनं ठोकले, सूत तिनं ताणलं. हातानं अन् वितीनं मोजत भिंत ठरली, दार ठरलं, कमोडची जागा ठरली.

नीलेश सुताकडं पाहत राहिला. "पण काकू, हे तं..."

"नीलेशभाऊ, आधी चहा घ्या," सून रुचितानं त्याच्या हातात कप कोंबला. "निवून जाईन."

"त्याले चहा नाही, अक्कल पाज," पार्वताबाई म्हणाली. "बाईनं आखलेलं गवंड्याले पचत नाही."

कप रिकामा झाला तरी रुचिता तिथंच उभी होती. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "आई, एक सांगाचं राहिलं. माही आई सानगडीहून राहाले येणार हाय. तिले आता दिसत नाही. न्हाणी तिच्या सोयीनं झाली असती तं..."

नीलेश रिकाम्या कपात पाहू लागला. लेकीच्या घरी दोन दिवसांवर मुक्काम करायचा नाही, असं मानणारी ही माणसं. त्यातून पार्वताबाईची जीभ सगळ्या आळीला ठाऊक.

पण पार्वताबाई सुताजवळ खाली बसली. मग तिनं ताणलेलं सूत स्वतःच्या हातानं सोडलं.

"नीलेश, उंबरठा नोको. दार बाहेर उघडलं पाहिजे. आत बाई पडली तं दार अडते."

"दाराच्या जागी पडदा लावला तं, काकू?"

"तुह्या घरी लाव. आंधळी झाली म्हणून काय लाज सोडली तिनं?"

ती बोलत गेली आणि नीलेश खडूनं खुणा करत गेला. मागाच्या खोलीतल्या खाटेपासून कमोडपर्यंत भिंतीला सलग दांडा, मधे कुठं तुटायला नको. बसून आंघोळ करायला ओटा. साबण दांड्याच्याच बाजूला, कोनाड्यात, म्हणजे घरंगळणार नाही. गरम पाण्याच्या नळाला सुताच्या गाठींचं वेटोळं, हात लावताच कळावं म्हणून. फरशीचे नमुने तिनं अंगणात मांडायला लावले, त्यांवर पाणी ओतलं आणि अनवाणी चालून खरबरीत ती निवडली.

"रंग कोणता, काकू?"

"आंधळीले रंग दाखवतं काय, येड्या?"

नव्या सुताची मांडणी झाल्यावर तिनं नीलेशच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. "चाल आता." नीलेशनं पहिल्याच वळणावर मागाच्या खांबाला कपाळ आपटलं. पार्वताबाईनं तोच दुपट्टा स्वतःच्या डोळ्यांवर बांधला, तळपायानं सुताचा अंदाज घेत सरळ आत गेली, नळाच्या खुणेवर हात टेकला आणि सरळ परत आली.

नीलेश कपाळ चोळत म्हणाला, "विहिणीसाठी इतकं कोण करते, काकू?"

"हात चालव. तोंड तं चालूनच राहिलं."

त्या दिवसापासून आळीत पार्वताबाईचं नाव आणखी वर गेलं. जिभेनं सोलते, पण मन पाहा, असं बाया नळावर बोलू लागल्या. ते तिच्या कानावर आलं आणि तिनं मान ताठ करून ऐकून घेतलं.

न्हाणी तयार झाली. रुचिताची आई विमलाबाई आली तेव्हा अनुप ड्यूटीवर होता. ऑटोचा आवाज ऐकताच पार्वताबाई दारात गेली, चाचपून विहिणीचं मनगट धरलं आणि तिला थेट आत नेलं.

"हा दांडा धरा. सोडू नोका. इथं ओटा, हा साबण. या नळाले गाठी हायेत पाहा, हा गरम पाण्याचा."

"अवं विहीणबाई, माहा हात तं सोडा!" विमलाबाई हसायला लागली. "मले सारं दिसून राहिलं. त्या खिडकीवरची पाल बी दिसून राहिली. मी काय राहाले आलो? उद्या सकाळच्या बसनं चाललो. रुचिता म्हणे, आमची नवी न्हाणी पाहाले ये."

पार्वताबाईचा हात गाठींच्या नळावर तसाच राहिला.

रुचितानं आईला चहाला म्हणून बाहेर सपरीत पाठवलं. दोघी न्हाणीत उरल्या.

"अनुपले सांगितलं?" पार्वताबाईनं हळू विचारलं.

"नाही, आई. तुमचा माग चालूच राहीन."

"तुले कवा समजलं?"

"पयल्या दिवशीच," रुचिता म्हणाली. "तुम्ही लाल म्हणून सारं हिरवं सूत ताणलं, तवा."