छत्तीसचा रोल

बंद केलेली कॅमेऱ्याची फिल्म पुन्हा बनवा, म्हणून सह्यांचा गठ्ठा घेऊन फोटो स्टुडिओवाले काका कंपनीत धडकले. वर सगळ्या सह्यावाल्यांचा फोटो हौसेने टाचला होता. साहेबांनी सह्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फोटो मात्र निरखून पाहिला. "छान आलाय. कुठल्या फिल्मवर काढलात?" "मोबाईलवर," काकांनी कबूल केलं. तो पुतणीने काढला होता, कारण शेवटचा छत्तीस फोटोंचा रोल काका जिवापाड जपत होते. "तुम्हीच वापरत नाही, तर आम्ही बनवायची कुणासाठी?" साहेब हसले. काकांनी पिशवीतून कॅमेरा काढला, तोच रोल भरला. "साहेब, जरा खिडकीकडे तोंड करा." साहेबांनी टाय सारखा केला. खटका वाजला आणि साहेबांनी सवयीने हात पुढे केला, "दाखवा बरं, कसा आलाय?" "रोल संपला की दाखवतो," काका खुर्चीत ऐसपैस बसले. "अजून पस्तीस बाकी आहेत."