आन्ते आज येत नाही

ट्रकचा आवाज आला तशी झोर्का पोरीला काखोटीला मारून जाळीच्या दाराशी धावली. ट्रक दुसऱ्याच कुणाचा होता. लाल धूळ उडवत निघून गेला.

“अगं, बस की,” केल्विन आतून म्हणाला. “सांगितलं ना, कॅम्पवरची गाडी मोडलीय. आन्ते काही आज येत नाही.”

केल्विन ऑस्ट्रेलियातल्या या कालगुर्ली गावातला शेअरदलाल. या गल्लीत तो कधी फिरकला नव्हता. आज मात्र डिसेंबरच्या ऐन उन्हाळ्यात, भर उन्हात आला होता. टेबलावर त्याने नोटांचं पाकीट ठेवलं होतं, शेजारी शेअर विकल्याचा कागद आणि पेन. मधोमध पोरीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक. उकाड्याने त्याच्यावरचं लोणी एका बाजूला घसरलं होतं.

झोर्काचा नवरा आन्ते ज्या कंपनीसाठी माळावर कॅम्पात राहून, सोनं शोधत ड्रिलने भोकं पाडायचा, तिच्याकडे रोख नव्हती. म्हणून वर्षभर निम्मा पगार शेअरमध्ये. ते सगळे त्याने झोर्काच्या नावावर केले होते.

“एक तारखेपासून सोन्याच्या खाणींवर कर लागतोय, पोरी. आमच्या आज्याच्या वेळेपासून माफ होता. आता या कागदांना कोण विचारतंय? कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरशील.”

“आन्तेला विचारून सांगते.”

“तोवर भाव राहील का? लेकुरवाळी आहेस म्हणून आलो.”

झोर्काने पोरीच्या मानेकडे पाहिलं. घामोळ्यांनी लालभडक झाली होती. पाकिटात एका कूलरचे पैसे नक्की होते. तिने पेन उचललं.

तेवढ्यात जाळीचं दार ढकलून ऑलिव्ह आली. खाटकाची बायको.

“सॉसेज नाहीत हो बाई आज! वाढदिवस असून नाहीत. सकाळी आन्तेच्या कॅम्पचा मॅनेजर आला आणि दुकान झाडून घेऊन गेला. पंधरा दिवसांचं मांस. बिअरची खोकी वेगळी. आमचे हे म्हणाले, लग्न काढलंय की काय कुणाचं? तर नुसता हसला.”

टोपीने वारा घेणारा केल्विनचा हात थांबला.

ऑलिव्हने टेबलावरचा कागद पाहिला. मग पोरीचा गालगुच्चा घेत, जणू तिलाच सांगावं तसं ती म्हणाली, “निकेल लागलं होतं ना, तेव्हा आमचे हे ड्रिलवर होते. त्यांना असंच कॅम्पवर डांबून ठेवलं होतं. गावात आले असते तर बारमध्ये तोंड सुटलं असतं. म्हणून तिथेच पाजली. बाहेर सोडलं तोवर आमच्याकडच्या शेअरचा भाव आभाळाला. दुकान त्यातूनच तर झालं आमचं.”

झोर्काने पेनाला टोपण लावलं.

“गाडी मोडली, तर मांस कशातून गेलं, केल्विन?”

“असेल दुसरी गाडी.”

“मग त्याच गाडीतून आन्ते का नाही आला?”

केल्विनने घाम पुसला. “बरं, दुप्पट देतो.”

“आत्ता तर खुराड्यात अंथरायचे होते!”

ऑलिव्ह फिस्सकन हसली.

“तिप्पट. पण आत्ताच्या आत्ता सही कर.”

“केक खाऊन जा,” झोर्का म्हणाली. “एवढ्या उन्हाचे आलात.”

केल्विनने पाकीट खिशात घातलं आणि केक न खाताच गेला.

झोर्काने मेणबत्ती लावली. इतक्यात बाहेर पुन्हा ट्रकचा आवाज आला. जवळ आला, घरासमोर मंद झाला. या वेळी ती दाराकडे धावली नाही.

“नको रे,” ती पुटपुटली. “आज नको येऊस. तिथेच डांबलेला राहा.”

ट्रक न थांबता पुढे गेला. झोर्काने पोरीचे दोन्ही हात धरले आणि मोठमोठ्याने टाळ्या वाजवल्या.