फोटोला हार

“तोंडाला पीठ फासतो, माडाला उलटा लटकतो. पण माझ्या फोटोला हार घालायचा नाही म्हणजे नाही,” नरहरी म्हणाला.

गुरुदत्तने हातातला हार बाकड्यावर आपटला. सकाळपासून हा चौथा नकार होता.

गिरीज गावच्या वाडीत चौघा मित्रांचा भुताचा सिनेमा दोन महिने रखडत चालला होता. कॅमेरा ऑगस्टीनच्या कुवेतवाल्या मामाचा. मामा उद्या परत जाणार होता, आणि तीन मिनिटांचं शेवटचं रीळ उरलं होतं. शॉटही एकच उरला होता. हिरो ज्या इनामदाराशी इतका वेळ गप्पा मारतो, त्याचाच हार घातलेला फोटो त्याला भिंतीवर दिसतो. हा शॉट नसेल तर सिनेमाला शेवटच नव्हता. दोन महिने फुकट.

इनामदाराचं भूत झालेल्या नरहरीचं तोंड पिठाने माखलेलं, त्यामुळे फोटो कोणाचाही चालला असता. पण जिवंत माणसं फोटो देईनात आणि मेलेल्यांचे फोटो घरचे भिंतीवरून उतरवू देईनात. ऑगस्टीनने आपल्या आजोबांचा आणला, तर त्यांच्या गळ्यात हा एवढा क्रॉस! शेवटी गुरुदत्तने घरातून स्वतःचाच फोटो बाहेर काढला. आईने तो हिसकावून घेतला आणि वर त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

“भुताला घाबरत नाहीत आणि हाराला घाबरतात! कसला डोंबलाचा सिनेमा काढणार इथे?” गुरुदत्त ओरडला. तो अगदी रडकुंडीला आला होता. ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. शॉट घ्यायचा होता त्या पंपाच्या खोलीत अर्ध्या तासात अंधार झाला असता.

तेवढ्यात नरहरीची आई, द्वारकाकाकू, कुंपणातून आत आली. शेजारच्याच घरात तिने ही आरडाओरड ऐकली असणार. नरहरीचे वडील नऊ वर्षांपूर्वी तेलाच्या बोटीवर कामाला गेले होते. पहिल्या वर्षी चार पत्रं आली, मग आलीच नाहीत. कंपनीही धड काही सांगेना. काकू अजून रोज ठसठशीत कुंकू लावायची, आणि वाडीत तिच्यासमोर तो विषय कोणी काढत नसे.

तिने पदराखालून एक फ्रेम काढून बाकड्यावर ठेवली. नरहरी धावत पुढे आला.

“आई, हा बाबांचा आहे!”

“मला माहीत नाही होय?”

ऑगस्टीनने कॅमेरा खाली घेतला. गुरुदत्तने घाईघाईने हार उचलून पाठीमागे लपवला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“नको काकू. राहू दे सिनेमा.”

काकूने फ्रेमची काच पदराने पुसली आणि ती त्याच्यापुढे सरकवली.

“घाल रे बाबा,” ती म्हणाली. “इतकी वर्षं झाली, माझ्या हातून होत नाही.”