चष्म्याच्या कागदावरून

बहिणीने डॉक्टरांचा कागद काउंटरवर ठेवला आणि ती स्टुलावर बसली. कागद उलटा पडला होता, तरी दादाने तो तसाच वाचला. बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढलेल्या माणसाला कागद सरळ करावा लागत नाही. डावा डोळा, उणे नऊ. उजव्या डोळ्यापुढे नंबरच नव्हता. नुसती आडवी रेघ होती.

"परत काहीच दिसणार नाही म्हणाले?"

"उजेड-अंधार कळतो. तेवढंच." तिने काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. उजव्या डोळ्यावर पांढरं धरलं होतं, पार बाहुली झाकून टाकणारं. दादा फ्रेमांचा ट्रे पुसायला लागला. तो सकाळीच पुसून झाला होता.

"उजवीकडे साधी काच नको घालूस," ती म्हणाली. "नऊ नंबरामागे डोळा बारीक दिसतो. एक बारीक, एक मोठा. भट्टीवर सगळे माझ्याकडेच बघत बसतील. दोन्हीकडे नऊच घाल."

हे त्याला कुणी सांगायला नको होतं, तरी त्याने मान डोलावली. ती कामाला होती त्या पावाच्या भट्टीपायीच तर चष्म्याऐवजी डोळ्यात घालायच्या लेन्स आल्या होत्या. दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची, दोनदा तिचा हात भाजला होता. लेन्स त्यानेच आणून दिल्या. टोचतंय म्हणून तिने तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तो म्हणाला होता, चार दिवस टोचेल, मग सवय होते.

दोन महिने एकच प्रश्न त्याचं डोकं खात होता. त्याने तो ट्रेकडे बघत विचारला.

"डॉक्टरांनी विचारलं असेल ना, लेन्स कुणी दिल्या?"

"खोदून खोदून विचारलं. म्हणाले, लेन्स घट्ट बसत होती, कुणी मोजमापच घेतलं नव्हतं. तक्रारीचा कागदसुद्धा पुढे केला. मी म्हटलं, माझ्या भावाने दिल्या. त्याचा धंदा चष्म्याचा, लेन्समधलं त्याला काही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर दिल्याच नसत्या." ती जरा हसली. "तुला अडाणी ठरवून आले. राग नको मानूस."

दादाचा जीव भांड्यात पडला. पडला, आणि पडला म्हणून त्याला स्वतःची लाज वाटली. त्याला काहीतरी बोलायचं होतं. काय, ते जुळवत असतानाच दार ढकलून एक बाई आत आली. जाड भिंगांचा चष्मा, हातात घडी घातलेला कागद.

"या नंबरच्या लेन्स हव्या होत्या. आज मिळतील का?"

दादाने कागद उलगडला आणि रोजच्या सवयीने त्याचं तोंड सुरू झालं.

"ताई, हा चष्म्याचा कागद आहे. यावर लेन्स देता येत नाहीत. चष्मा डोळ्यापासून बोटभर लांब असतो, लेन्स थेट बुबुळावर बसते. तेवढ्यानेसुद्धा नंबर बदलतो. तुमचा उणे आठ आहे ना, तो सव्वासातवर येईल. आणि नुसत्या नंबराने भागत नाही. बुबुळाचा गोलवा मोजावा लागतो, लेन्स घालून कशी बसते ते बघावं लागतं. घट्ट बसली तर डोळ्याला हवा मिळत नाही, जखम होते, डोळा जाऊ शकतो. तपासून घ्या आणि लेन्सचा वेगळा कागद घेऊन या."

"बाई गं! बरं झालं विचारलं. आजकाल कोण एवढं सांगतं!" असं म्हणत ती कागद घेऊन गेली.

दार लागलं तेव्हा कुठे आपण काय बोललो ते त्याच्या कानात शिरलं.

बहीण स्टुलावरून हलली नव्हती. "सगळ्यांना सांगतोस हे?"

त्याला खोटं सुचलं नाही. "हो."

"आधीपासून?"

"हो."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"तुझा नंबर मला तोंडपाठ होता गं. आठवीत होतीस तेव्हापासून तुझे चष्मे मीच करतोय. म्हटलं, तुला कशाला पाठवायचं तपासायला, सुट्टी काढून रांगेत बसायला. तू काय परकी आहेस?"

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तरी त्याने आनंदाने ऐकून घेतल्या असत्या. काचेच्या दारातून समोरचं दुसरं चष्म्याचं दुकान दिसत होतं. चष्म्याशिवाय तिला ते धूसरच दिसत असणार, तरी ती त्या दुकानाकडे बघत राहिली. मग काउंटरवरच्या आपल्या कागदाकडे. शेवटी तिने स्टूल पुढे ओढलं.

"मोज," ती म्हणाली. "परक्यांचं मोजतोस तसं."

दादाने पट्टी काढून तिच्या नाकावर धरली. नाकाच्या मध्यापासून डाव्या बाहुलीपर्यंत एकतीस मिलिमीटर. त्याने ते लिहून घेतलं. मग पट्टी उजवीकडे सरकवली. तिथे बाहुली सापडेना. त्या पांढऱ्यात मध्य कुठे धरायचा, त्याला कळेना. त्याने पट्टी खाली घेतली आणि तोंड फिरवलं.

तिने त्याचं मनगट धरून पट्टी परत जागेवर आणली.

"इकडे बघ, दादा," ती म्हणाली. "चार दिवस टोचेल. मग सवय होते."